1 मेची दुपार आणि कॉलनीची खाद्यजत्रा: घरच्यांनी रांधावं की केटरर बोलवावा?

दुपारची सावली | 3 मे 2025

यंदा बुधवारी अक्षय्य तृतीया आणि लगेच गुरुवारी महाराष्ट्र दिन. मुलांच्या परीक्षा संपलेल्या, अर्धी कॉलनी गावाला गेलेली, अर्धी उन्हामुळे घरात. अशा दुपारी आम्ही ठाण्यातल्या आमच्या कॉलनीत पहिल्यांदाच खाद्यजत्रा केली. सात इमारती, मधे पटांगण आणि त्यात दोन जुने आंबे. त्या आंब्यांच्या सावलीत चौदा टेबलं लावली.

नियम एकच होता. आपल्या घरी, आपल्या गावाकडे जे होतं तेच करायचं आणि वाटी वाटी द्यायचं. वीस किंवा तीस रुपये वाटी, म्हणजे सामानाचा खर्च निघावा इतकंच.

बारा वर्षं राहतो आम्ही इथे. समोरच्या इमारतीतल्या काकू सीकेपी आहेत हे माहीत होतं, पण त्यांच्या हातचं वालाचं बिरडं परवा पहिल्यांदा खाल्लं. तळमजल्यावरच्या जळगावच्या वहिनींनी खापरावर मांडे केले. आमचा नऊ वर्षांचा मुलगा पोळी-भाजीपलीकडे काही खात नाही. तो त्यांच्यासमोर पाऊण तास उभा होता आणि नंतर आमरसाबरोबर दोन मांडे खाऊन आला. एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या, आजींनी मलिदा केला होता. त्यांच्या टेबलापाशी तर लोक खाऊन झाल्यावरही हलत नव्हते, कारण आजी सांगत होत्या आणि सगळे ऐकत होते.

आता पुढच्या वर्षाची चर्चा सुरू झालीय. काहींचं म्हणणं आहे, एवढा त्रास कशाला? केटरर बोलवू, पावभाजी, चायनीज आणि पास्त्याचे काउंटर लावू, माणशी साडेतीनशे घेऊ. मला हे मनापासून पटत नाही. ते पदार्थ आठवड्याच्या कुठल्याही दिवशी मिळतात. पण बैठकीत नीट मांडता आलं नाही.

तुमच्याकडे कसं करतात? आणि दुपारची वेळ ठेवावी का?

आठळी | 3 मे

फणस होता का? कापा की बरका? बाकी उत्तर नंतर लिहिते.

दुपारची सावली | 3 मे

दोन्ही! कापा तसाच गरे काढून, आणि बरक्याचं सांदण. राजापूरच्या एका कुटुंबाने केलं होतं. अडीच वाजता संपलं.

दुसरा मजला | 3 मे

मी घरच्यांनी रांधावं याच्या विरोधात आहे आणि कारण सांगते.

आमच्या सोसायटीत तीन वर्षांपूर्वी हेच केलं. माझ्याकडे मसालेभात आला. शंभर वाट्या. मी पहाटे साडेचारला उठले. भात झाल्यावर तो खाली नेणं, वाढणं, मधे आणखी एक पातेलं चढवणं, शेवटी भांडी. चार वाजता घरी येऊन आडवी झाले. बाकीच्या टेबलांवर काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी फोटोंत दिसलं. सुट्टी सगळ्यांची होती, माझी नव्हती. आणि मी एकटी नाही, त्या दिवशी टेबलामागे उभ्या असलेल्या सगळ्या बायकाच होत्या.

तेव्हा "घरचं" म्हणताना घरातलं नेमकं कोण, एवढं आधी ठरवा.

कडवे वाल | 3 मे

दुसरा मजला, शंभर टक्के खरं. आमच्या घरी बिरडं करायचं म्हणजे वाल आदल्या दिवशी भिजवा, मोड आणा, कोमट पाण्यात टाका आणि एकेक सोला. पाव किलो सोलताना मान धरते. जत्रेसाठी तीन किलो कोण सोलणार?

अवांतर: धागाकर्तीने "वालाचं बिरडं" लिहिलं म्हणून बरं वाटलं. हल्ली सगळीकडे "डाळिंब्यांची उसळ" असंच लिहिलेलं दिसतं.

पेठेतली खिडकी | 3 मे

डाळिंब्यांची उसळ हे आमच्या घरचं नाव आहे हो! गूळ, आमसूल आणि गोडा मसाला. तुमच्या बिरड्यात नारळाचं दूध असतं. दोन वेगळे पदार्थ आहेत, दोन्हींना नांदू द्या.

दुपारची सावली | 3 मे

दुसरा मजला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्याकडे हे कसं झालं ते सांगते. ते मी आधी लिहायला हवं होतं.

बिरड्याचे वाल काकूंनी एकटीने सोलले नाहीत. 30 तारखेला रात्री जेवणं झाल्यावर जिन्याच्या पायऱ्यांवर तीन परातींत वाल घेऊन अकरा माणसं बसली होती. त्यात चार कॉलेजची मुलं. काकू आधी म्हणत होत्या की मुलं निम्मे वाल मोडतील. मोडलेही, पण दीड तासात तीन किलो झाले. फोडणीला काकू, बाकी सगळं इतर.

सगळ्या टेबलांवर मात्र असं झालं नाही. मसालेभाताच्या टेबलावरची मैत्रीण खरंच दमली.

खान्देशी झोका | 4 मे

मांडे वाचलं आणि थांबले. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. दिवाळीइतका मोठा सण. लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. पितरांसाठी घागर भरतात. आणि जेवायला खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडया, भजी आणि रशी.

लोकांना वाटतं मांडा म्हणजे मोठी पुरणपोळी. तसं नाही. कणीक मिठाच्या पाण्यात मळून इतकी तिंबायची, इतकी ओढायची की तार निघाली पाहिजे. पुरण भरून थोडी लाटायची, मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत मोठी करायची. कोपरापर्यंत येते. मग उपड्या ठेवलेल्या खापरावर अलगद टाकायची. खाली चुलीचा जाळ. बाई नवी असेल तर हातावरच फाटते. माझी आई सांगते, तिला चौथ्या आखाजीला पहिली न फाटलेली पोळी जमली.

तुमच्या वहिनींनी ठाण्यात चूल कुठे पेटवली?

दुपारची सावली | 4 मे

पटांगणाच्या कोपऱ्यात विटांची चूल केली होती. पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळू शेजारी ठेवली होती. खापर त्यांनी गावाहून मांडीवर घेऊन आणलं होतं.

सांबारवाला | 4 मे

आमच्या नागपूरकडे असाच प्रकार मटक्यावर होतो. लंबी रोटी म्हणतात, कोणी मटका रोटी म्हणतं. गव्हाचं पीठ पातळ, लसलशीत मळायचं, पार हातावरून खाली लोंबतं, आणि उपड्या मटक्यावर टाकायचं. सावजी रश्श्यासोबत खाऊन पहा.

आणि हो, सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्या पुण्यातल्या कॉलनीच्या जत्रेत मी सांबारवडी केली, पाटीवर नाव लिहिलं, तर दोघेजण वाटी घेऊन आले आणि म्हणाले, वडी इथे आहे, सांबार कुठेय?

बेळगावी लोणी | 4 मे

मांडे बेळगावचे! पिठीसाखर, तूप, वेलची घालून केलेले, गरम असतानाच घडी घालायची आणि गार झाल्यावर कुरकुरीत. लग्नात रुखवतावर हवेतच.

खान्देशी झोका | 4 मे

बेळगावी लोणी, तुमचे पण मांडेच, आमचे पण मांडेच. पण मुक्ताईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर भाजले ते कोणते, हे ठरवायला बसलो तर धागा हजारी गाठेल. त्या कथेत एक गोष्ट मला नेहमी लागते. विसोबांनी कुंभारांना बजावलं होतं की हिला खापर द्यायचं नाही. मांड्याला खापर लागतं हे तेव्हापासून ठरलेलं आहे, तव्यावर चालत नाही.

मिठागर | 4 मे

मी अन्नतंत्रज्ञान शिकवतो, म्हणून दुपारच्या वेळेबद्दल लिहितो. कोणाला घाबरवायचं नाही, पण हा मुद्दा धाग्यात यायला हवा.

शिजवलेलं अन्न 5 ते 60 अंशांच्या मधे ठेवलं की जंतू भराभर वाढतात. साधारण हवेत दोन तास ही मर्यादा धरतात, आणि बाहेर 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यात ठाण्याला दुपारी तेवढं असतंच. म्हणजे बारा वाजता आणलेलं पातेलं चार वाजेपर्यंत टेबलावर नुसतं ठेवणं बरोबर नाही. उपाय अवघड नाही. सगळं एकदम खाली आणू नका. छोट्या पातेल्यांत, पाऊण तासाला एक, असं घरून आणा. किंवा खाली मंद आच ठेवा.

सर्वांत नाजूक पदार्थ म्हणजे ओल्या नारळाचे. सोलकढी, ओल्या खोबऱ्याची चटणी, नारळाचं दूध घातलेली बिरडी. सोलकढी बर्फाच्या परातीत ठेवा. बर्फ सरबतात घालणार असाल तर खाण्याचाच घ्या. न खाण्याच्या बर्फात निळसर रंग घालायचा नियम 2018 पासून आहे, तेव्हा निळी झाक दिसली तर तो फक्त भांड्याबाहेर.

बाकी भाकरी, लोणची, पापड हे दुपार आरामात काढतात.

आठळी | 4 मे

मिठागर, उपयोगी माहिती. माझं मत दुपारच्याच बाजूने. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे दुपारच. संध्याकाळी प्रत्येकाला कुठेतरी जायचं असतं, दुपारी कोणाला कुठेही जायचं नसतं. मालवणला आजोळी आम्ही पंधरा नातवंडं मांगराच्या ओसरीवर दुपारभर फणस फोडायचो. आजी हाताला खोबरेल लावायला लावायची, कोयतीलाही. ज्याने लावलं नाही त्याची बोटं रात्रीपर्यंत चिकटलेली. आठळ्या राखेत भाजायच्या, आणि उरलेल्या मातीत पुरून ठेवायच्या, पावसाळ्यात भाजीला.

त्या दुपारींत मला फणस फोडायला कोणी "शिकवला" नाही. शेजारी बसले, बस्स. म्हणून जत्रेत टेबलामागे पदार्थ करणारंच माणूस हवं. केटररच्या मुलाला विचारलं, हा कापा की बरका, तर तो काय सांगणार?

दुसरा मजला | 4 मे

आठळी, तुमची आजी त्या दुपारी कुठे होती? ओसरीवर, की आत पंधरा नातवंडांच्या रात्रीच्या जेवणाला लागलेली?

आठळी | 4 मे

आत होती.

खरं आहे तुमचं. इतक्या वर्षांत हे मनात आलं नव्हतं.

वेलची आणि खजूर | 5 मे

मलिद्याचा उल्लेख पाहून लिहितेय, मीही बेने इस्रायली, अलिबागकडची. कोकणात आमच्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत, कारण घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद.

मलिदा म्हणजे जाडे पोहे भिजवून, त्यात साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, आणि वरून फळं. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात, परदेशी निघताना, असा करतात. एलियाहू हनाबी या आमच्या संदेष्ट्याची प्रार्थना म्हणायची आणि मग वाटायचा. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. एलियाहूचा रथ तिथून आकाशात गेला आणि त्याच्या खुणा खडकावर उमटल्या असं आमचे लोक मानतात. तिथे आजही मलिदा करायला जातात.

ठाण्यात आमचं सिनेगॉग 1879 पासूनचं आहे. लोक त्याच्या समोरून रोज जातात, पण ही माणसं घरात मराठीच बोलतात आणि पोहेच खातात हे पुष्कळांना ठाऊक नसतं. इस्रायलमध्ये गेलेली माझी मावशी अजूनही फोनवर मराठीतच रागावते. त्या आजींपाशी लोक का थांबले असतील ते मला कळतं. त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि विचारा, चिकाचा हलवा करतात का. गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध. करणाऱ्या बायका आता कमी उरल्यात.

दुपारची सावली | 5 मे

नक्की सांगते. त्यांना मोबाइलवर हा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

सुकट | 5 मे

एक न बोललेली गोष्ट बोलू का? तुमच्या चौदा टेबलांत मासे किती होते?

मी कोळी. आमच्या कॉलनीत जत्रा ठरली तेव्हा आईने सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी करायचं मनात धरलं होतं. मे महिन्यात हेच आमचं घरचं काम. जूनपासून मासेमारी बंद, म्हणून त्याआधी बोंबील, जवळा, मांदेली वाळवून भरून ठेवायचं. समितीतून निरोप आला की "सर्वांना चालेल असं काहीतरी करा." आई काही बोलली नाही. तिने साबुदाण्याची खिचडी केली. चांगली झाली होती. पण ते आमचं घर नव्हतं.

"आपल्या घरी जे होतं ते" असा नियम असेल तर तो सगळ्यांच्या घरांना लागू हवा.

पेठेतली खिडकी | 5 मे

सुकट, वाचून वाईट वाटलं. मी शाकाहारी आहे आणि मला वास खरंच सोसत नाही, तरी मला वाटतं टेबल असायला हवं. वाऱ्याच्या खालच्या बाजूला, थोडं अंतरावर, वाढायला वेगळे डाव. वास सोसला नाही तर मी दुसऱ्या टोकाला उभी राहीन, पटांगण मोठं आहे.

मिठागर | 5 मे

सहमत. आणि माझ्या विषयापुरतं बोलायचं तर, त्या उन्हात सुक्या जवळ्याची चटणी ही साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा कितीतरी जास्त टिकेल.

दुपारची सावली | 5 मे

आमच्याकडे एकच टेबल होतं, सुक्या बोंबलांचं, आणि तेही कोणीतरी हट्टाने लावलं म्हणून. त्यावरही कुजबुज झाली होती. मी तेव्हा गप्प बसले. पुढच्या वेळी गप्प बसणार नाही.

म्हापशेकर | 6 मे

सुक्या मासळीवरून आमच्या पुरुमेताच्या फेस्ताची, म्हणजे चर्चच्या सणाची, आठवण झाली. गोव्यात पावसाळ्याआधी वर्षाची साठवण करतात, तिला पुरुमेत म्हणतात. शब्द पोर्तुगीज आहे, प्रोव्हिमेंतू. एप्रिल-मेच्या फेस्तांना बाहेर मोठा बाजार भरतो. सुकी सुंगटं (कोळंबी), गालमो (सुका जवळा), चिंच, सोलां (आमसूल), गावठी मिरची, कांद्याच्या माळा, आणि खाजें.

म्हापशाला ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी मिलाग्र सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त असतं. यंदा कालच झालं, 5 मेला. हिंदूही तेल घेऊन जातात, कारण ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण, मिराबाय, असं मानतात. माझी आई तेल वाहून बाहेर येते आणि लगेच मिरच्यांच्या भावावर घासाघीस सुरू करते. मी लहानपणी खाज्यांची पुडी हातात धरून तिच्या मागे. आल्याचं तिखट आणि गुळाचं गोड, घाम पुसत पुसत खायचं.

तिथे कोणी "महोत्सव" भरवत नाही. गरज आहे म्हणून माणसं येतात. तुमच्या जत्रेतही घरी नेता येईल असं काही ठेवा. पापड, कुरडया, आमसूल. मे महिन्यात गच्चीवर नाहीतरी वाळवणं असतातच.

खान्देशी झोका | 6 मे

म्हापशेकर, फार छान सुचवलंत. बिबडे पण! ज्वारीचे. ओलं बिबड्याचं पीठ वाटीत घेऊन खाण्यासाठी आम्ही भांडायचो.

हडसनकाठ | 6 मे

न्यू जर्सीहून. आमच्या गावातल्या ग्रीक चर्चचा खाद्यमहोत्सव असतो, तीन दिवस, आम्ही दरवर्षी एक दुपार तिथेच घालवतो. रांगेत उभं राहून लुकुमादेस घ्यायचे. आपल्या गुलगुल्यांसारखे गोळे, वर मध आणि दालचिनी. सगळं चर्चमधल्या आज्या आणि आजोबा करतात.

एकदा मी एका आजींना विचारलं, एवढं कसं जमतं? त्या म्हणाल्या, आम्ही दोन महिने आधी सुरू करतो. दर मंगळवारी सकाळी जमतो, एक पदार्थ करतो, गोठवून ठेवतो, कॉफी पितो, घरी जातो. त्या दिवशी फक्त भट्टीत घालायचं. तरुण मंडळी वाढतात आणि भांडी घासतात. आज्या खुर्चीवर बसून येणाऱ्यांशी बोलतात.

दुसरा मजला यांच्या प्रश्नाला यात थोडं उत्तर आहे असं वाटतं.

कडवे वाल | 6 मे

सोललेले वाल फ्रीझरमध्ये महिनाभर मस्त राहतात. म्हणजे एप्रिलपासून सुरू!

पळसपान | 6 मे

कोणी ताटल्यांबद्दल बोललं नाही म्हणून एक ओळ. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटल्या 2018 पासून राज्यात बंद आहेत, तरी प्रत्येक जत्रेत निघतातच. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण घ्या. आमच्याकडे घरून वाटी-चमचा आणला तर पाच रुपये कमी असं ठेवलं होतं. मुलं गळ्यात वाटी बांधून फिरत होती.

दुसरा मजला | 7 मे

हडसनकाठ यांनी सांगितलेल्या आज्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. खुर्चीवर बसलेल्या.

माझं म्हणणं थोडं बदलते. केटरर नको. पण एका टेबलाला किमान चार माणसं, त्यातले दोन पुरुष, आणि ते फोडणीलाही. कोणीही एका तासापेक्षा जास्त टेबलामागे उभं राहायचं नाही. चाळीसच वाट्या. संपलं की संपलं. आणि भांडी पदार्थ करणारीने घासायची नाहीत. एवढं लेखी असेल तर मी माझा मसालेभात पुन्हा करेन. चांगला करते मी.

सांबारवाला | 7 मे

मसालेभाताला कुठे यायचं तेवढं कळवा.

दुपारची सावली | 8 मे

कालच बैठक झाली. धाग्यातले मुद्दे वहीत लिहून नेले होते.

वेळ दुपारीच, पण अकरा ते तीन. नारळाचे पदार्थ पहिल्या दीड तासात, छोट्या पातेल्यांतून. दुसरा मजला यांचे नियम जसेच्या तसे वाचले, चाळीस वाट्यांवर थोडा वाद झाला, मग मान्य. एका बाजूला वाळवणांचं टेबल. माशांना दोन टेबलं, पश्चिमेच्या भिंतीकडे. यावर अर्धा तास गेला. एका काकांनी शेवटपर्यंत हात वर केला नाही, पण विरोधातही नाही. केटरर फक्त पाणी आणि ताकासाठी. सुकट, तुमच्या आईंना आमच्याकडे यायला सांगा, जवळा घेऊन.

मलिद्याच्या आजींना प्रतिसाद वाचून दाखवला. वेलची आणि खजूर, त्या म्हणाल्या, चिकाचा हलवा येतो, पण परात हलवायला आता हात चालत नाहीत, कोणी हलवणारं असेल तर सांगते कसा करायचा. वाल सोलणाऱ्यांतली दोन मुलं तयार झाली आहेत.

एक अडचण राहिली. जळगावच्या वहिनींची बदली होतेय. पुढच्या मेपर्यंत त्या इथे नसतील आणि खापरही त्यांच्याबरोबर जाईल.

खान्देशी झोका | 8 मे

मी मुलुंडला राहते. भुसावळहून खापर आणते. आदल्या दिवशी येऊन चूल लावू. फक्त हातावर पोळी फिरवायला शिकणारं कोणीतरी हवं माझ्या शेजारी. तुमचा मुलगा पुढच्या वर्षी दहाचा होईल ना?